भाराचा नकाशा

पडद्यावर हणमंत डोईफोडेच्या आयुष्यातली सगळी माणसं ठिपके होऊन बसली होती. मधोमध तो स्वतः आणि त्याच्यापासून प्रत्येक ठिपक्याकडे गेलेली एक रेघ. बायको शालनची रेघ हिरवी होती, बेताच्या जाडीची. सुपरवायझर भोइट्यांची पिवळी. कॅन्टीनमधला वाढपी, गेटवरचे रखवालदार यांच्या रेघा तर नजरेला दिसू नयेत इतक्या बारीक. एकच रेघ बोटाएवढी जाड आणि लालभडक होती. ती बाबालाल मुजावरकडे गेली होती.

"मशीन चुकलंय," हणमंत म्हणाला.

"कशावरून?" गौतमी पाटसकरनं विचारलं.

"बाबालाल माझा दोस्त आहे मॅडम. एका हॅमरवर वीस वर्षं झाली आम्हाला. माझ्या लग्नात तो वाढायला होता, त्याच्या लेकीच्या लग्नात मी."

गौतमी पुण्याहून मानसशास्त्र शिकून आलेली, तिशीच्या आतबाहेरची मुलगी होती. तिच्या खोलीच्या दारावर 'जीवन मार्गदर्शक' अशी पाटी होती, पण कऱ्हाडजवळच्या त्या लोखंडी भाग घडवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे कोच मॅडम म्हणत. सुरुवातीला तिच्याकडे जायला माणसं लाजत. वेड्याच्या डॉक्टरकडं निघाला काय, अशी चेष्टा व्हायची. पण ती ऐकून घ्यायची. समोरचा बोलत असताना पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघायची. हळूहळू लोक तिच्याशी बोलायला लागले होते.

"मशीन बाबालालना वाईट म्हणत नाही," ती म्हणाली. "ते जवळ असले की तुमच्या शरीरावर भार चढतो, एवढंच म्हणतंय."

ही गोष्ट समजायला तशी अवघड नव्हती. प्रत्येकाच्या कानामागे नखाएवढी एक पट्टी चिकटवलेली असे. माणूस ताणाखाली आला की शरीर कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य रक्तात सोडतं आणि त्याचा अंश थोड्या वेळानं घामात उतरतो. पट्टी तो मोजत राही. भट्टीशेजारी काम करणाऱ्यांना घामाचा तोटा नव्हता. जोडीला ती नाडीही बघे. निवांत माणसाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर सतत थोडं कमीजास्त होत असतं, धास्तावलेल्याचं मात्र एकसारखं होत जातं. हे सगळं डॉक्टरांना जुनंच होतं. नवं होतं ते पुढचं. एका पट्टीला शेजारची पट्टी ओळखता येई, घरी गेल्यावर घरच्यांचे फोन ओळखता येत. महिनोन्‌महिने हे टिपत गेलं, त्यातून उष्णतेचा, कष्टाचा, भुकेचा वाटा वजा केला, की कोण जवळ आल्यावर भार चढतो आणि कोण दूर गेल्यावर उतरतो याचा नकाशा तयार होई.

भार चढला एवढंच पट्टीला कळे. का चढला, ते कळत नसे. त्या 'का'साठी कारखान्यानं गौतमीला नेमलं होतं.

"बाबालाल रजेवर असतात तेव्हा तोच हॅमर, तीच भट्टी, आणि तुमचा भार निम्म्यावर येतो," ती म्हणाली. "तुमचं ब्लडप्रेशर गोळ्यांना दाद देत नाही. तुम्हाला झोप नाही. मागं तुम्ही चक्कर येऊन पडलात. थोडे दिवस जोडी बदलून बघायची का? नाही जमलं तर परत."

हणमंतानं लगेच हो म्हटलं नाही. पण घरी शालननं ऐकलं आणि ती त्याच्यासमोर येऊन बसली. "मी काय दोस्ती तोडा म्हणते का? हॅमर बदला. तुम्ही पडलात तेव्हा मला फोन आला होता, बाबालालला नाही."

मग हणमंताच्या मनानं एक विचित्र खेळ सुरू केला. लाल रेघ एकदा डोळ्यांनी बघितल्यावर तिला कारण पाहिजे होतं आणि ते शोधायला तो जुन्या आठवणी उपसायला लागला. बाबालाल चारचौघांत त्याला 'हणम्या' म्हणतो. बाबालालनं एकदा साहेबासमोर त्याची नक्कल केली होती. ज्या गोष्टींवर तो इतकी वर्षं स्वतःच हसत आला होता, त्या आता बारीक काट्यासारख्या टोचायला लागल्या. आठवडाभरात त्याची खात्री पटली की मशीन म्हणतंय त्यात काहीतरी असणार.

बाबालालला त्यानं गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सांगितलं. बाबालालनं बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि मग म्हणाला, "म्हंजे माझ्यामुळं तुझं बीपी वाढतंय."

"मी न्हाई म्हणत. मशीन म्हणतंय."

"मशीनला कोण सांगतंय? तुझाच घाम सांगतोय की." त्यानं चहाचा घोट घेतला. "सुटलास बघ. आता वहिनीलाबी चार दिवस माहेरी धाडून बघ, किती उतरतंय ते. न्हाईतर सासूला तरी."

टपरीवाला हसला. हणमंतही हसला. बाबालाल मात्र बशीकडेच बघत होता.

*

त्या कारखान्यात बहुतेक हॅमर आता यंत्राच्या हातांनी चालत. पण जुन्या गाड्यांचे, ट्रॅक्टरचे सुटे भाग थोडेथोडके लागत, त्यांच्यासाठी माणसांनी चालवायचे दोन हॅमर राखून ठेवले होते. प्रत्येकावर दोघे. एक सांडशीत लालबुंद तुकडा धरून साच्यावर ठेवायचा आणि दर घावानंतर फिरवायचा. दुसरा पायाखालचा पेडल दाबून दोन टनांचा घण खाली आणायचा. आवाजामुळं दोघांच्याही कानांत बोळे, त्यामुळं बोलणं शक्य नाही. सांडशीवाल्याचा खांदा किंचित खाली गेला की पेडलवाल्यानं पाय दाबायचा. सगळा कारभार त्या खांद्यावर आणि त्या पायावर.

पेडलवरच्या हणमंताला सांडशीवर नवी जोडीदार मिळाली प्रमिला शेवाळे. आयटीआय झालेली, दोन मुलांची आई. मनगटं लोखंडाची आणि जीभही तशीच. बाबालालबरोबर दुसऱ्या हॅमरवर सर्जेराव लागला. चांगला, सरळ, नियमात काम करणारा माणूस.

हणमंताचा भार उतरला. नकाशावर उतरला तसा अंगातूनही उतरला. त्याला झोप लागायला लागली. ब्लडप्रेशर आटोक्यात आलं. शालन म्हणाली की जेवताना तो आता तिच्याशी बोलतो, पूर्वी नुसता भिंतीकडे बघत असायचा. गौतमीनं त्याला नवा नकाशा दाखवला तेव्हा तीही मनापासून आनंदली होती. बाबालालची रेघ बारीक, जवळजवळ पांढरी झाली होती. दोघे आता फक्त पाळी सुटताना एकमेकांना हात दाखवत.

एकदा काम संपल्यावर हातमोजे काढता काढता प्रमिला म्हणाली, "काका, एक विचारू? पहिले काही दिवस तुम्ही माझ्यावर चिडलेला काय?"

"का गं?"

"मी खांदा टाकायची आणि तुम्ही थांबायचा. जरासंच, पण थांबायचा. तुकडा गार व्हायचा की. मला वाटायचं, बाईमाणूस म्हणून ह्यांचा भरवसा नाही. आता बरोबर पडतोय पाय."

"मी थांबायचो?"

"मग काय मी खोटं बोलते? सर्जेरावकाका बघा, खांदा पडला की पाय पडला."

हणमंताला काही आठवेना. आपण थांबतो हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं. पण पायाला ती सवय लागली असेल तर ती आपोआप लागलेली नाही, एवढं त्याला कळलं. दुसऱ्या दिवशी तो आपली जेवणाची सुट्टी अर्धी टाकून, अजून चालू असलेल्या दुसऱ्या हॅमरपाशी जाऊन उभा राहिला.

बाबालालनं तुकडा साच्यावर ठेवला. खांदा खाली गेला. सर्जेरावचा पाय पडला, घण आदळला. बाबालालनं तुकडा फिरवला, खांदा टाकला आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या हातानं सांडशी पुन्हा एकदा धरली. सुटलेली पकड सावरावी तशी. मनगट साच्याच्या कडेवरून मागं आलं आणि घण खाली आला. बघणाऱ्याला काही दिसलं नसतं. हणमंताला दिसलं. आणि दिसताक्षणी अंगावर जो भार चढला, तो त्याच्या चांगल्या ओळखीचा होता. कित्येक वर्षं तो भार रोज अंगावर घेऊन तो पेडलवर उभा होता आणि त्याला वाटत होतं की आपल्याला ब्लडप्रेशर आहे.

*

"साखर हाय मला. बोटं बधिर झाल्यात," बाबालाल म्हणाला. ते त्याच्या घराच्या ओसरीवर बसले होते. आत त्याची बायको भाकरी थापत होती, म्हणून तो हळू बोलत होता. "डाव्या हाताची तीन. सांडशी धरली का न्हाई, ते बघितल्याशिवाय कळत न्हाई."

"कधीपासनं?"

"झाली की चार-पाच वर्षं."

"मला सांगितलं न्हाईस."

"सांगायचं काय? काम होत हुतं." त्यानं हात उलटा करून बोटांकडे बघितलं. "आता सर्जेरावबरोबर मात्र भ्या वाटतं, हणम्या. तुझ्याबरोबर कधी वाटलं न्हाई."

"डॉक्टरला सांग. भोइट्यांना सांग."

"आणि मग? गेटवर खुर्ची टाकून बसू? न्हाईतर शाल-नारळ घेऊन घरी? मी हॅमरवरचा माणूस हाय. दुसरं मला काय येतंय?" त्यानं हात मांडीखाली सरकवला. "तू परत ये. म्हंजे झालं. आपलं चाललं हुतं तसं चालंल."

"आणि माझं बीपी?"

बाबालालनं यावर विनोद केला नाही. हणमंताला तेच जास्त लागलं.

तो परत जायला तयार झाला होता. शालनशी भांडण होईल हे त्याला दिसत होतं, झोप जाईल हेही दिसत होतं. पण सकाळी उठून तो सरळ गौतमीच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "मला बाबालालबरोबर द्या. चालंल मला."

गौतमी गोंधळली. तिनं त्याला एक-दोनदा समजावून बघितलं. जुना भार गेला की माणसाला चुकल्यासारखं होतं, तो परत अंगावर घ्यावासा वाटतो, हे तिच्या शिक्षणात होतं. अशा मागणीला 'परतओढ' म्हणतात आणि ती मान्य करायची नाही, असं तिला वरून सांगितलेलंही होतं.

"मी अर्ज पुढे पाठवते, पण कारणाशिवाय तो वर अडकेल, हणमंतराव. मला काहीतरी कारण द्या."

"कारण हाय. पण ते ह्या खोलीतच ऱ्हायला पाहिजे."

"इथलं बोलणं मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे."

ते खरं होतं. तिनं कुणाच्या घरचं, कुणाच्या दारूचं, कुणाच्या रडण्याचं आजवर बाहेर काढलेलं नव्हतं. म्हणून हणमंतानं सांगितलं. बधिर बोटं, सुटणारी सांडशी, पायाचं थांबणं, सगळं सांगितलं. सांगताना त्याला हलकं वाटत होतं. बोलता बोलता त्यानं मान वर केली तर गौतमीचा चेहरा उतरलेला होता.

"हे तुम्ही मला सांगायला नको होतं," ती म्हणाली. "म्हणजे, सांगायलाच हवं होतं. पण कुणाच्या जिवाला धोका असेल तर मला गप्प राहता येत नाही. तेवढी एकच गोष्ट. पहिल्याच भेटीत मी बोलले होते."

बोलली असेल. पहिल्या भेटीत तो तिच्या टेबलावरच्या काचेच्या माशांकडे बघत होता.

"मॅडम, एक पाळी थांबा. मी त्याला सांगतो, तो स्वतः येईल."

ती खरंच थांबली, पण पाळी संपेपर्यंत नाही. दाराशी जाऊन ती परत आली, खुर्चीवर बसली, पुन्हा उठली. "आत्ता ते हॅमरवर आहेत," ती म्हणाली, आणि गेली.

बाबालालचा हॅमर जेवणाच्या सुट्टीआधीच बंद झाला.

*

कारखान्यानं काही वाकडं केलं नाही. बाबालालला डॉक्टरकडे नेलं, रजा दिली, मग मानानं निवृत्त केलं. त्याचे हात शाबूत राहिले. सगळे म्हणाले, बरं झालं वेळेवर कळलं. हणमंतही स्वतःला तेच सांगे आणि त्यात खोटं काही सापडत नसे.

तो एकदा त्याच्या घरी गेला. बाबालालनं चहा सांगितला, पावसापाण्याचं बोलला. उठताना हणमंत म्हणाला, "मला तुझं बोट तुटायला नको हुतं, बाबा."

"ठाऊक हाय."

"मग बोलत का न्हाईस नीट?"

"बोलतोय की." बाबालाल उंबऱ्याशी उभा होता. "तू येत जाऊ नकोस, हणमंत. तू आलास की मला कारखाना आठवतो."

वीस वर्षांत तो पहिल्यांदाच त्याला हणमंत म्हणाला होता.

गोष्ट इथं थांबली असती तर कदाचित दोघांच्या दुःखापुरती राहिली असती. पण मुख्य कचेरीतल्या हुशार माणसांनी गौतमीचा अहवाल वाचला आणि त्यांना त्यात एक मोठी गोष्ट दिसली. हणमंताच्या मनाला ठाऊक नव्हतं, ते त्याच्या शरीराला आधी ठाऊक होतं. म्हणजे लाल रेघ नेहमीच तापदायक माणसाकडे जात नाही. ज्याला नकळत सांभाळलं जातंय, त्याच्याकडेही ती जाते. मग नकाशा उलटा वाचायचा. कुणाच्या जवळपास असलं की इतरांचा भार चढतो, ते बघायचं. तो माणूस आजारी असेल, थकला असेल, पीत असेल, त्याच्या हातून काहीतरी होणार असेल. अपघाताची वाट कशाला बघायची?

उलटा नकाशा चांगला चालला. सगळ्यात आधी भट्टीवरच्या एका माणसाला बोलावलं. त्याला फिट येत असे आणि त्याचे दोन सोबती त्याला आलटून पालटून भट्टीपासून लांब ठेवत. मग क्रेनवरच्याला, त्याची नजर अधू झाली होती. मग हिशेब खात्यातल्या एका बाईंना. त्यांना काहीच झालं नव्हतं, फक्त त्यांचा मुलगा गेला होता आणि शेजारच्या टेबलावरच्या मुली त्यांच्याकडे सारख्या बघत असत. त्यांना विश्रांतीसाठी सक्तीची रजा दिली. प्रत्येकाला गौतमीच्याच खोलीत बोलावलं जाई, आणि ती प्रत्येकाशी तितक्याच मायेनं बोले.

लोकांना कळायला वेळ लागला नाही. आपण ज्याची काळजी करतो, त्याला आपली काळजीच पकडून देते. पट्टी काढता येत नव्हती, ती असली तरच विमा मिळे. घाम थांबवता येत नव्हता. तेव्हा लोकांनी बघणंच थांबवलं. कॅन्टीनमध्ये एका ताटातून खाणारे लांब लांब बसू लागले. कुणी खोकला तर शेजारचा मोबाईल काढी. "कसं काय, बरा हायस ना?" हे वाक्य विचारलेलं ऐकू येईनासं झालं. ज्यांचा जीव एकमेकांत सगळ्यात जास्त अडकला होता, त्यांनी सगळ्यात आधी वेगळ्या पाळ्या मागून घेतल्या. आपल्यामुळं कुणी संकटात पडू नये म्हणून प्रमिला हणमंताशी कामापुरतंही बोलेना, नुसता खांदा टाकी. अपघात कमी झाले. तिमाहीच्या पत्रकात सगळे आकडे हिरवे होते आणि त्यात हणमंताचा हसरा फोटो होता, 'आरोग्यदूत' म्हणून.

*

मग एक दिवस त्याचं नाव आलं.

बोलावणं फोनवर दिसलं तेव्हा तो क्षणभर जागीच उभा राहिला. उलट्या नकाशात त्याच्याकडे रेघ गेली होती. म्हणजे त्याच्यात काहीतरी बिघडलं होतं आणि ते दुसऱ्या कुणाच्या तरी शरीराला कळलं होतं. तो घाबरला. हॅमर जाणार, शालनला काय सांगायचं, छातीत दुखतं ते खरंच काही असेल का, असं सगळं मनात येऊन गेलं. पण कचेरीकडे चालता चालता त्या भीतीच्या खालून आणखी एक गोष्ट वर आली आणि तिची त्याला लाज वाटली. त्याला बरं वाटत होतं. कुणीतरी अजून आपल्याकडे बघतंय. कोण असेल? प्रमिला असेल का? वरवर नुसता खांदा टाकते, पण आतून? भोइटे? भट्टीवर नवा आलेला तो मुका माणूस?

गौतमीनं त्याला बसायला सांगितलं. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माझं काय निघालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही. तुमच्या तपासण्या बघितल्या मी. सगळं ठीक आहे."

"मग रेघ?"

"रेघ आहे. पण हॅमरकडून नाही आलेली."

"कुणाकडनं आलीय? सांगता येत नसेल तर राहू द्या. पण हॅमरच्या हॉलमधला कुणी आहे का, एवढंच सांगा."

तिनं नेहमीसारखं त्याच्याकडे बघितलं नाही. पडद्याकडे बघत राहिली.

"हॉलमधल्या कुणाचीही तुमच्याकडे रेघ नाही, हणमंतराव. कुणाकडेच कुणाची नाही आता. गेल्या महिन्यापासून हॉलचा नकाशा कोरा येतोय." तिनं कानामागे हात नेला. तिच्याही कानामागे पट्टी होती. इतके दिवस त्याच्या ते लक्षातच आलं नव्हतं. "माझी आहे ती. तुम्ही पाळी सुटल्यावर या खिडकीखालून जाता ना, तेव्हासुद्धा चढते."

हणमंतानं खिडकीकडे बघितलं.

"मला वाटायचं मी तुम्हाला मदत करतेय," ती म्हणाली. "तुम्हाला आणि बाबालालना. अजूनही कधी कधी वाटतं. मग वाटत नाही." तिनं टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "वरून सूचना आलीय. मार्गदर्शकाचा स्वतःचा भार वाढता कामा नये. सोमवारपासून तुमच्या भेटी मशीनच घेईल. आवाज चांगला आहे त्याचा. मी तुम्हाला भेटायचं नाही, आणि माझी खोलीही मागच्या बाजूला हलवतायत."

"म्हणजे तुम्हाला बरं वाटेल."

"वाटतं म्हणतात. महिनाभरात."

बाहेर पाळी बदलल्याचा भोंगा झाला. हणमंत उठला. जेवत जा वेळेवर, पुण्याला आईकडं जाऊन या चार दिवस, असं काहीतरी त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. घरच्या पोरीला सांगावं तसं. पण ते शब्द काढले तर ती वर बघणार, वर बघितलं की तिच्या कानामागचा आकडा चढणार आणि तो कुठंतरी कुणीतरी वाचणार. तिचं महिनाभरात बरं होणं आणखी लांबणार.

तिच्याकडे न बघता तो दारापर्यंत गेला, आणि दार आवाज न करता ओढून घेतलं.